कोठडीबाहेरचा फ्लेचर: 'पॉरिज' आणि तिच्या वारसांचं प्रकरण

२५ मार्च १९७७ रोजी बीबीसी वनवर 'पॉरिज' या ब्रिटिश विनोदी मालिकेचा शेवटचा भाग लागला. कंबरलंडमधल्या स्लेड तुरुंगातून तरुण लेनी गॉडबर पॅरोलवर सुटतो आणि त्याच्या कोठडीतला जोडीदार नॉर्मन स्टॅन्ली फ्लेचर उरलेली शिक्षा भोगायला मागे राहतो. मालिका तेव्हा ऐन भरात होती. ती थांबवावी असं प्रेक्षकांना वाटत नव्हतं आणि बीबीसीलाही वाटत नव्हतं. वाटत होतं ते फ्लेचर साकारणाऱ्या रॉनी बार्करला. एकाच भूमिकेचा शिक्का आपल्यावर बसू नये, गाडी उताराला लागण्याआधी उतरावं, हा त्याचा आग्रह होता. त्यातून तोडगा निघाला तो असा की, तुरुंग संपवायचा पण फ्लेचर ठेवायचा. शिक्षा भोगून तो घरी गेल्यावर काय होतं ते दाखवायचं. २४ फेब्रुवारी १९७८ला 'गोइंग स्ट्रेट' सुरू झाली, सहा भाग झाले आणि तिथेच संपली.

लेखक तेच, नट तोच, त्याचा जोडीदार नटही तोच. तरीही ब्रिटिश प्रेक्षकाला 'पॉरिज' तोंडपाठ आहे आणि 'गोइंग स्ट्रेट' त्याला आठवून काढावी लागते. असं का झालं, हा या प्रकरणातला प्रश्न. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. या विनोदाचा जीव फ्लेचर या माणसात जितका होता तितकाच कुलूप लावलेल्या दारात होता, आणि पुढच्या बहुतेक प्रयत्नांनी यातली एकच गोष्ट बरोबर नेली. 'गोइंग स्ट्रेट' वाईट मालिका आहे असं मात्र मी म्हणणार नाही. तिच्यावर अन्याय झालाय असंच मला वाटतं.

आपल्याकडे ब्रिटिश सिटकॉमची ओळख झाली ती बरीचशी 'माइंड युअर लँग्वेज'मुळे आणि तिच्यावर बेतलेल्या 'जबान सँभाल के'मुळे. पुढे 'येस मिनिस्टर'वरून 'जी मंत्रीजी' आली. 'पॉरिज' त्या मानाने कमी लोकांनी पाहिली आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल थोडं सविस्तर.

आतली मालिका

१९७३ साली बीबीसी टूने बार्करसाठी 'सेव्हन ऑफ वन' या नावाखाली सात स्वतंत्र विनोदी भाग केले. जो भाग रुजेल त्याची मालिका करायची, असा बेत. त्या सातांतून 'ओपन ऑल अवर्स' निघाली आणि 'पॉरिज'ही निघाली. (पॉरिज म्हणजे लापशी, आणि तिथल्या बोलीत 'डूइंग पॉरिज' म्हणजे तुरुंगात दिवस काढणं.) डिक क्लेमंट आणि इयन ला फ्रेने या जोडीने लिहिलेला 'प्रिझनर अँड एस्कॉर्ट' हा पायलट भाग १ एप्रिल १९७३ला दाखवला गेला.

हा पायलट नीट पाहायला हवा, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणाचं बीज त्यात आहे. वर्षाखेरची रात्र आहे. फ्लेचरला दोन तुरुंगाधिकारी लंडनहून उत्तरेकडच्या स्लेड तुरुंगात नेताहेत. एक मॅके, स्कॉटिश, ताठ, शिस्तीचा कडक. दुसरा बॅरोक्लो, मऊ, कैद्यांवर विश्वास टाकणारा. रेल्वेने आणि मग तुरुंगाच्या गाडीने प्रवास. गाडी मध्येच बंद पडते, कारण फ्लेचरने लघवीच्या निमित्ताने उतरून इंधनाच्या टाकीतच कार्यभाग उरकलाय. तिघं एका ओसाड झोपडीत अडकतात, मॅके पायी मदत आणायला जातो, आणि फ्लेचर बॅरोक्लोच्या तावडीतून निसटतो. रात्रभर अंधारात माळरान तुडवतो, शेवटी एक घर दिसतं, खिडकीतून आत शिरतो. ते घर म्हणजे तीच झोपडी असते. पळालेला फ्लेचर स्वतःच्या पायांनी कैदेत परत येतो. लेखकांना तेव्हाच ठाऊक होतं, की या माणसाची गोष्ट भिंतींच्या आतच फुलते.

मालिका करायची ठरल्यावर दोघे लेखक खरे तुरुंग पाहायला गेले आणि खिन्न होऊन परतले. या जागेत हसण्यासारखं काय शोधायचं? वाट सापडली ती शिक्षा भोगून आलेल्या एका माणसाशी बोलताना. तुरुंगात तगून राहायचं तर रोज एखादा छोटासा विजय मिळवावा लागतो, हे त्याने सांगितलं. व्यवस्थेला हरवणं शक्य नसतं. पण आज एक जास्तीची पोळी मिळाली, एखादी नको असलेली कामगिरी टळली, साहेबाच्या तोंडावर एक वाक्य असं टाकलं की त्याला शिक्षाही करता येईना, तर तो दिवस आपला. पहिल्यापासून शेवटपर्यंत 'पॉरिज'चा कणा हाच आहे.

५ सप्टेंबर १९७४ला पहिला हंगाम सुरू झाला. एकूण तीन हंगाम झाले, प्रत्येकी सहा भागांचे, आणि १९७५ व १९७६च्या नाताळात एकेक विशेष भाग. म्हणजे पायलट सोडला तर अवघे वीस भाग. निर्मिती सिडनी लॉटर्बीची. खऱ्या तुरुंगात चित्रीकरणाला गृहखात्याने परवानगी नाकारली. म्हणून बाहेरच्या फाटकासाठी सेंट ऑल्बन्समधल्या जुन्या तुरुंगाचा दरवाजा वापरला गेला आणि मजल्यांवर मजले असलेला कोठड्यांचा भाग ईलिंग स्टुडिओतल्या चित्रीकरणाच्या जुन्या पाण्याच्या टाकीत उभा केला गेला. मालिकेला सुरुवातीचं संगीतच नव्हतं. एकामागून एक बंद होणाऱ्या दारांचे आवाज आणि फ्लेचरला पाच वर्षांची शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशाचा आवाज, तोही बार्करनेच दिलेला. विनोदी मालिकेची इतकी करडी सुरुवात क्वचितच कुणी केली असेल. कुठे आलोय हे प्रेक्षकाला पहिल्या अर्ध्या मिनिटातच कळायचं.

दार बंद असण्याचा विनोदाला काय उपयोग होतो हे पाहायचं तर पहिल्या हंगामातला 'अ नाइट इन' हा भाग पाहावा. कोठडीला कुलूप लागल्यापासून सकाळपर्यंत, पात्रं जवळपास दोनच. गॉडबर पहिल्यांदाच तुरुंगात आलाय, बर्मिंगहॅमचा, साधा पोरगा. रात्र त्याला खायला उठते. फ्लेचर त्याला समजावतो की आज बाहेर जायचा कंटाळा आलाय, घरीच निवांत बसलोय, असं समज. एवढ्याशा भांडवलावर अर्धा तास उभा आहे. दोघांपैकी कुणालाही उठून जाता येत नाही, त्यामुळे रुसवा, चेष्टा, जुन्या आठवणी, भीती हे सगळं त्याच चार भिंतींत निस्तरावं लागतं. बार्करच्या प्रत्येक टोमण्याखाली मायेचा थर आहे आणि गॉडबर साकारणाऱ्या रिचर्ड बेकिन्सेलच्या चेहऱ्यावर तो टोमणा पोचल्याचं आणि मायाही पोचल्याचं दिसतं. टीव्हीवरचा दोन नटांचा इतका नितळ अर्धा तास मी फार कमी पाहिलाय.

असाच आणखी एक भाग म्हणजे 'डिस्टर्बिंग द पीस'. मॅके काही काळासाठी बाहेर जातो आणि त्याच्या जागी नॅपर वेनराइट नावाचा दुष्ट अधिकारी येतो. ज्या मॅकेशी रोज उभा दावा, तोच परत यावा म्हणून कैदी गोंधळ माजवून डाव रचतात. फ्लेचरला मॅके हवा आहे, कारण मॅके कडक असला तरी नियमाने खेळतो. नियमाने खेळणाऱ्याविरुद्धच छोटे विजय मिळवता येतात. फुल्टन मॅके या नटाने ती मान झटकण्याची, हनुवटी पुढे काढण्याची लकब अशी बसवली होती की तो दारात येऊन नुसता उभा राहिला तरी प्रसंग सुरू व्हायचा.

आणि 'नो पीस फॉर द विकेड'. फ्लेचरला एक दुपार फक्त एकटं पडून राहायचंय आणि सगळा तुरुंग एकेक करून त्याच्या कोठडीत डोकावतो. शेवटी वैतागून तो चक्क तुरुंगाच्या पाद्रीला सज्ज्यावरून खालच्या जाळीत ढकलतो. तीन दिवस एकांतवासाची शिक्षा होते, तर हा म्हणतो, पंधरवडा नाही का करता येणार? इथे एकांत हीच चैन आहे.

बाहेर

आता 'गोइंग स्ट्रेट'. पहिल्या भागात फ्लेचर सुटतो आणि घरी जाणाऱ्या रेल्वेत त्याला भेटतो कोण, तर मॅके, नोकरीच्या अखेरीला आलेला. पायलटमध्ये जो त्याला रेल्वेने आत घेऊन गेला तोच आता समोरच्या बाकावर बसलाय, आणि दोघांत कैदी आणि अधिकारी हे नातं उरलेलं नाही. ही कल्पना सुरेख आहे आणि तो भागही सुरेख आहे. पण नीट पाहिलं तर तो उत्तम होतो कारण रेल्वेचा डबा हीसुद्धा एक कोठडीच आहे. पुढचं स्थानक येईपर्यंत दोघांना एकमेकांपासून सुटका नाही. मॅके उतरून गेला आणि मालिकेतून तो विरोधकही उतरून गेला. पुढच्या भागांना त्या तोडीचा दुसरा मिळालाच नाही.

बाहेर काय आहे? बायको इझोबेल दुसऱ्या माणसाबरोबर निघून गेलेली. मोठी मुलगी इन्ग्रिड (पट्रिशिया ब्रेक) घर सांभाळतेय. धाकटा मुलगा रेमंड, ही भूमिका निकोलस लिंडहर्स्टची, जो पुढे 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस'मुळे घराघरांत पोचला. ठराविक दिवसांनी भेटायला लागणारी प्रोबेशन अधिकारी. नोकरी म्हणजे एका छोट्या हॉटेलात रात्रपाळीचा पोर्टर. गॉडबर आता लांब पल्ल्याची लॉरी चालवतो आणि इन्ग्रिडशी त्याचं जुळलंय. शेवटच्या भागात त्यांचं लग्न होतं.

ही यादी वाचूनच लक्षात येईल की लेखकांनी सोपी वाट घेतली नाही. सुटलेल्या फ्लेचरला पुन्हा छोटे गुन्हे करायला लावून, पोलिसांना हुलकावण्या देत हसवणं सहज शक्य होतं. त्यांनी त्याला खरंच सरळ मार्गाने चालायला लावलं, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या, कसलंही कसब हाती नसलेल्या माजी कैद्याला ते किती जड जातं ते दाखवलं. आतमध्ये फ्लेचर मुरलेला, मानाचा माणूस होता. नवे कैदी त्याचा सल्ला घ्यायचे, ग्राउटीसारखा तुरुंगातला दादाही त्याला ओळखून होता. बाहेर आल्यावर त्याची किंमत शून्य. रात्री हॉटेलच्या काउंटरमागे बसलेला फ्लेचर पाहताना हसू येतं, पण आतून तुटतंही. १९७८ सालच्या संध्याकाळच्या विनोदी मालिकेने हे दाखवायला धैर्य लागतं, आणि त्या धैर्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही असं मला आजही वाटतं.

पण त्याच धैर्याने विनोदाची यंत्रणा मोडली. छोट्या विजयाला समोर गणवेशातला माणूस लागतो. बाहेर फ्लेचरला हरवत होती ती वेळ, बेकारी, मोडलेला संसार. यांच्यावर कुरघोडी करून संध्याकाळी आपण जिंकलो असं म्हणता येत नाही. प्रोबेशन अधिकारी चांगली बाई आहे, त्याचं भलं चिंतणारी. तिला फसवण्यात गंमत नाही. दुसरं म्हणजे दार उघडं झालं. गॉडबर लॉरी घेऊन निघून जाऊ शकतो, फ्लेचर पबमध्ये जाऊ शकतो, इन्ग्रिड दुसऱ्या खोलीत जाऊ शकते. 'अ नाइट इन'मध्ये जे नातं घट्ट विणलं गेलं ते आता येता-जाता, उभ्याउभ्या भेटीत टिकवावं लागतं. आणि तिसरं, एक जागाच उरली नाही. रेल्वे, घर, हॉटेल, असं प्रत्येक भागाला नव्याने बस्तान बसवावं लागलं. सहा भागांत प्रेक्षकाचं कुठल्याच खोलीत मन रमत नाही.

सुरुवातीच्या श्रेयनामावलीतही हा फरक ऐकू येतो. दारांच्या आवाजांच्या जागी आता खुद्द बार्करने म्हटलेलं गाणं आहे. गाणं चांगलं आहे, पण त्याने प्रेक्षकाला आपण कुठे आहोत हे कळत नाही.

याच लेखकांनी आधी हे साधलं होतं

कुणी म्हणेल, सिक्वेल हा प्रकारच असा. पण क्लेमंट आणि ला फ्रेने यांच्याच बाबतीत हे लागू पडत नाही. त्यांची पहिली गाजलेली मालिका 'द लाइकली लॅड्स' १९६४ ते १९६६ चालली. न्यूकॅसलकडचे दोन तरुण कामगार, बॉब आणि टेरी. सात वर्षांनी, १९७३मध्ये, त्यांनी 'व्हॉटेव्हर हॅपन्ड टू द लाइकली लॅड्स?' आणली. टेरी सैन्यातून परत येतो आणि पाहतो तर बॉब लग्नाच्या बेतात, नव्या वसाहतीत घर घेऊन मध्यमवर्गीय होऊ पाहतोय. अनेकांच्या मते ही दुसरी मालिका पहिलीपेक्षा सरस आहे, आणि मीही त्यांतलाच.

तिथे काळ पुढे सरकल्याने फायदा झाला आणि इथे झाला नाही, याचं कारण दोन्ही मालिकांचा पाया वेगळा होता. बॉब आणि टेरी यांची मैत्री हीच तिथली परिस्थिती होती. माणसं जिथे जातील तिथे ती बरोबर येते, आणि वय वाढेल, वर्गाची दरी वाढेल तसा त्यात नवा ताण भरत जातो. फ्लेचर आणि गॉडबर यांना एकत्र आणणारी गोष्ट होती न्यायालयाचा हुकूम. तो संपला की दोघांना एका खोलीत ठेवायला नवं कारण लागतं. लेखकांनी ते लग्नातून, जावई-सासरा या नात्यातून शोधलं. दिशा बरोबर होती. एकाच छपराखाली राहणारे सासरा-जावई ही बंद दाराची दुसरी तऱ्हा झाली असती. पण लग्न शेवटच्या भागात लागलं, म्हणजे जिथून खरी मालिका सुरू व्हायची तिथेच ती थांबली.

दुसरा हंगाम झाला असता तर काय, हा प्रश्न मनात येतोच. 'गोइंग स्ट्रेट'ला मार्च १९७९मध्ये बाफ्टा हा ब्रिटनमधला चित्रपट-टीव्हीचा मानाचा पुरस्कार मिळाला. त्याच महिन्यात, १९ मार्चला, रिचर्ड बेकिन्सेल हृदयविकाराने झोपेतच गेला. वय ३१. 'रायझिंग डॅम्प' आणि 'पॉरिज' या दोन मोठ्या मालिका त्याने एकाच काळात आपल्या खांद्यावर पेलल्या होत्या. त्याच्याशिवाय फ्लेचरचं पुढे काही करण्याचा विचारही उरला नाही.

पुन्हा आत

बेकिन्सेलच्या मृत्यूच्या थोडंच आधी या मंडळींनी 'पॉरिज'चा चित्रपट पुरा केला होता. दिग्दर्शन डिक क्लेमंटचंच. ज्या खऱ्या तुरुंगाची दारं मालिकेला मिळाली नव्हती ती आता मिळाली: चेम्सफर्डचा तुरुंग १९७८च्या आगीनंतर रिकामा होता, तिथे चित्रीकरण झालं. चित्रपट १९७९च्या उन्हाळ्यात लागला.

काळ मुद्दाम मागे नेलाय. फ्लेचर अजून आतच आहे, जणू 'गोइंग स्ट्रेट' घडायची आहे. बाहेरच्या संघाविरुद्ध फुटबॉलचा सामना ठरतो आणि त्याच्या आडून एका कैद्याला पळवून लावायचा घाट घातला जातो. त्या भानगडीत फ्लेचर आणि गॉडबर नको असताना बाहेर फेकले जातात. शिक्षा थोडीच उरलेली, पळाल्याचा ठपका बसला तर सगळं मुसळ केरात. म्हणून दोघे धडपडत तुरुंग फोडतात, आत शिरण्यासाठी. सहा वर्षांपूर्वीच्या पायलटमधला फ्लेचर अंधारात भटकून नकळत झोपडीत परतला होता. इथे तो समजून-उमजून परततो. चित्रपट म्हणून त्याची लय मधूनमधून सैल पडते, मोठ्या पडद्याने कोठडीची ऊब थोडी कमी केली आहे. पण कथेची निवड पाहिली की वाटतं, बाहेरच्या सहा भागांचा अनुभव घेऊन लेखकांनी आपलं मत नोंदवलंय.

अमेरिकेतही प्रयोग झाला होता. एबीसीने १९७५मध्ये 'ऑन द रॉक्स' नावाने त्याच धर्तीची मालिका केली. ती एकाच हंगामात संपली. म्हणजे भिंत नेली, पण फ्लेचर-गॉडबर-मॅके हा तिढा नेता आला नाही. २००३च्या डिसेंबरात बीबीसी टूने फ्लेचरच्या नंतरच्या आयुष्यावर खोटाच माहितीपट केला, जुनी पात्रं त्याच्या आठवणी सांगतात असा, आणि निवृत्त बार्कर त्यात थोडा वेळ फ्लेचर म्हणून दिसला. २००५मध्ये बार्कर गेला.

नातू

२०१६मध्ये बीबीसीने जुन्या सिटकॉमना उजाळा देणारा एक उपक्रम केला, त्यात क्लेमंट आणि ला फ्रेने यांनी पुन्हा 'पॉरिज' लिहिली. या वेळी कैदी होता फ्लेचरचा नातू नायजेल, सायबर गुन्ह्यासाठी आत आलेला. भूमिका केविन बिशपची. तुरुंग नवा, वेकली. कोठडीतल्या म्हाताऱ्या जोडीदाराला लॉटर्बी हे आडनाव दिलं होतं, जुन्या निर्मात्याची आठवण म्हणून. विशेष भागाचं स्वागत बरं झालं, २०१७च्या ऑक्टोबरपासून सहा भाग आले, आणि पुढचा हंगाम झाला नाही.

इथे भिंत परत आली होती, कुलूप होतं, कडक स्कॉटिश अधिकारीही होता. पण रचना उलटी झाली होती. मूळ मालिकेत मुरलेला माणूस हा नायक होता आणि प्रेक्षक गॉडबरच्या बाजूने, नवख्याच्या डोळ्यांनी तुरुंग शिकत होता. नातू तरुण आणि जोडीदार म्हातारा केल्यावर हा शहाणपणाचा प्रवाह आटला. नायजेल चलाख आहे. पण पाच-सहा शिक्षा भोगून आलेल्या माणसाच्या अंगी जो थकवा आणि त्या थकव्यातून आलेला दयाळूपणा असतो, तो त्याच्याकडे असणार कसा? आजोबांच्या विनोदात तोच तर गाभा होता. बिशपने मेहनत केली आहे, बार्करच्या सावलीत उभं राहणं सोपं नव्हतं. चूक नटाची नाही, मांडणीची आहे.

ज्यांना हे स्वतः पडताळून पाहायचंय त्यांनी सगळे भाग पाहण्याची गरज नाही. आधी 'प्रिझनर अँड एस्कॉर्ट' हा पायलट, मग 'अ नाइट इन' आणि 'डिस्टर्बिंग द पीस', त्यानंतर 'गोइंग स्ट्रेट'चा पहिला, मॅकेबरोबरच्या रेल्वेप्रवासाचा भाग आणि हॉटेलातल्या नोकरीचा भाग, आणि सगळ्यांत शेवटी १९७९चा चित्रपट. २०१६चा विशेष भाग वेळ असेल तर. 'गोइंग स्ट्रेट' पाहताना मात्र ती 'पॉरिज'चा चौथा हंगाम आहे असं समजून बसू नये. सुटून आलेल्या माणसाची ती स्वतंत्र, खिन्न आणि प्रामाणिक गोष्ट आहे, आणि बार्करचा त्यातला अभिनय कोठडीतल्या कुठल्याही भागाइतकाच मोलाचा आहे.